फियाट की भंगार?

वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी असलेली मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "भंगारात द्या." दुसरा म्हणतो, "थोडे पैसे लावले तर पळेल की!" आमच्या यवतमाळच्या घरी वडिलांच्या १९६८ सालच्या फियाटवरून हेच झाले. त्या निमित्ताने जे कळले, ते अशाच पेचातल्या कुटुंबांसाठी लिहितो आहे.

ही गाडी जन्माने इटालियन, पण वाढली मुंबईत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९६४ साली आलेली '११०० डिलाइट'च पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निरोप घेतला. इंजिन अवघे १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. यंत्र इतके साधे, की मुरलेला मिस्त्री आवाजावरून दुखणे ओळखतो.

मग पैसा जातो कुठे? पत्र्यात. या गाडीला वेगळी चॅसी नाही. सारे बळ बॉडीतच. दाराखालचा पत्रा आणि तळ गंजला, तर पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे पोखरलेल्या भिंतीला चुना लावणे. गंजका भाग कापायचा, त्याच मापाचा पत्रा हाताने ठोकून घडवायचा, वेल्ड करायचा, दारे नीट बसतात का ते पाहायचे. हे काम आठवडेच्या आठवडे चालते आणि बिल लोखंडापेक्षा त्या कसबी हातांचे होते. शिवाय इंजिनाचे बोअरिंग, ब्रेकची रबरे, वायरिंग, बंपरचे क्रोम. काचांचे बीडिंग तर आपल्या विदर्भाच्या उन्हाने आधीच तडकलेले असते. इतके करून गाडी विकली, तर लावलेला पैसा सहसा परत येत नाही.

म्हणून गॅरेजमध्ये गाडी सोडण्यापूर्वी प्रत्येक कामाचा अंदाज वेगवेगळा लिहून घ्यावा, काढलेल्या भागांची यादी करावी, फोटो काढून ठेवावेत.

कायद्याचीही एक मेख आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या मोटारींना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र ती गाडी प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच. रोजच्या वापराला नाही. बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केले, तर हा मान मिळत नाही. रोज फिरवायची, तर फिटनेस तपासून साधी नोंदणीच पुढे चालवावी लागते.

आम्ही दुसरी वाट धरली. वडील आता ब्याऐंशी वर्षांचे. कोरीकरकरीत गाडीसाठी दोन वर्षे थांबण्यापेक्षा त्यांना दत्त चौकापर्यंत ती स्वतः चालवत न्यायची होती. म्हणून तळ, ब्रेक आणि इंजिन यांवरच पैसा लावला. बंपर अजून काळवंडलेलाच आहे. त्याच्या क्रोमचे पुढच्या कापूस हंगामानंतर बघू.