वाऱ्याची इंग्रजी नावे

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मी त्याच जिल्ह्यातील एका शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. आमच्या एका ग्राहकाच्या काजू प्रक्रियेच्या शेडचे पत्रे उडाले व साठवलेला माल भिजला. शेड बँकेकडे तारण होती. ग्राहकाने मराठीत अर्ज दिला. त्याचे इंग्रजी भाषांतर करून विमा कंपनीकडे पाठविण्याचे काम माझ्याकडे आले. 'जोराचा वारा' या शब्दांसाठी मी निःशंकपणे 'स्ट्राँग ब्रीझ' असे लिहिले. काही दिवसांतच विचारणा आली, की पॉलिसीमध्ये ब्रीझ हे संकट समाविष्ट नाही. तरी खुलासा करावा. ग्राहकास हे सांगताना मला संकोच वाटला. ते एवढेच म्हणाले, "साहेब, वारा कसला, प्रलय होता तो!"

त्यानंतर मी या शब्दांचा थोडा शोध घेतला. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराची शून्य ते बारा अशी श्रेणी तयार केली. आरंभी तिचा आधार जहाजाची शिडे हा होता. वेगाचे आकडे पुढे जोडले गेले. या श्रेणीत दोन ते सहा या पाचही पायऱ्या 'ब्रीझ'च्या आहेत. 'लाइट ब्रीझ' ताशी ६ ते ११ किलोमीटरची, म्हणजे आपली झुळूक. तर 'स्ट्राँग ब्रीझ' ताशी ३९ ते ४९ किलोमीटरची, जिच्यात छत्री सावरणे कठीण होते. ६२ पासून 'गेल' सुरू होतो, ८९ पासून 'स्टॉर्म' व ११८ पासून 'हरिकेन'.

आपल्या भारतीय हवामान खात्याची श्रेणी निराळी असली, तरी ती याच आकड्यांशी मिळते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वाऱ्याचे क्षेत्र ते 'डिप्रेशन', ५० ते ६१ 'डीप डिप्रेशन', ६२ ते ८८ 'सायक्लोनिक स्टॉर्म' आणि ८९ ते ११७ 'सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म'. 'निसर्ग' या शेवटच्या वर्गातले होते. हे आकडे तीन मिनिटांच्या सरासरीचे असतात. त्यापुढे 'गस्टिंग टू' म्हणून जो मोठा आकडा येतो, तो क्षणिक झोताचा. 'स्क्वॉल' म्हणजे एकाएकी उठून निदान मिनिटभर टिकणारा सोसाटा. मच्छीमारांना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांत हा शब्द वारंवार आढळतो. आणखी एक गफलत नेहमी होते. 'वेस्टर्ली विंड' पश्चिमेकडून येतो, पश्चिमेकडे जात नाही. मराठीत 'पश्चिमेचा वारा' म्हणताना आपलाही अर्थ तोच असतो.

'सायक्लोन' हा शब्द मात्र आपल्या देशातच घडला, हे वाचून मला नवल वाटले. कोलकात्यात राहून वादळांचा अभ्यास करणारे हेन्री पिडिंग्टन यांनी सापाच्या वेटोळ्याची कल्पना मनात धरून ग्रीक शब्दावरून तो बनविला आणि १८४८ मधील आपल्या ग्रंथात खलाशांपुढे ठेवला. 'मान्सून' तर अरबी 'मौसिम'चा पोर्तुगीजांमार्गे झालेला अवतार. आपला 'मोसमी' त्याचाच आप्त.

बँकेच्या भाषेतही वारा शिरला आहेच. 'विंडफॉल' म्हणजे मुळात वाऱ्याने आपोआप खाली पडलेले फळ. त्यावरून अनपेक्षित लाभ. भारतात जुलै २०२२ मध्ये खनिज तेलावर लावलेला व डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झालेला कर याच नावाने ओळखला गेला. ज्या 'विंडो'पाशी ग्राहक रांग लावतात, तिचा जुन्या नॉर्स भाषेतील अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. आपल्या 'गवाक्षा'तही डोळाच आहे, पण तो बैलाचा!

असो. खुलाशाच्या पत्रात मी 'ब्रीझ' खोडून 'सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म' असे लिहिले, सोबत हवामान खात्याच्या त्या दिवशीच्या पत्रकाची प्रत व मूळ मराठी अर्ज जोडला, आणि भाषांतरातील चूक शाखेची आहे, ग्राहकाची नव्हे, असेही नमूद केले. दावा मंजूर झाला. परंतु तोवर पावसाळा सरत आला होता, आणि शेडवर तोपर्यंत ताडपत्रीच होती.