भागीदारी करताना निघण्याची वाटही लिहून ठेवा

दुकान उघडताना कुरआनखानी होते, मिठाई वाटली जाते आणि भागीदारी मात्र तोंडीच ठरते. साडूशी किंवा चुलतभावाशी लिखापढी करणे आपल्या घरांत अजून अविश्वासाचे लक्षण मानले जाते. वास्तविक सूरह बकराची 282 वी आयत, कुरआनातील सर्वांत मोठी आयत, मुदतीचे देणे लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे सांगते. त्यात नातलगांना सूट नाही.

समजा, कुवेतला नोकरी करणाऱ्या भावाने 6 लाख घातले. चिपळूणला दुकान सांभाळणाऱ्याने 4 लाख आणि मेहनत. नफा निम्मा-निम्मा ठरवता येतो. तोटा मात्र शरीअतप्रमाणे भांडवलाच्या प्रमाणातच, म्हणजे 60 आणि 40 टक्के. (मुद्दल सुरक्षित आणि दरमहा ठरावीक रक्कम, असे कोणी म्हणत असेल तर ती शिराकत नव्हे, व्याज आहे, नाव काहीही द्या.)

पाच वर्षांनी कुवेतच्या भावाला घर बांधायचे आहे, पैसे हवेत. आता माल खरेदीच्या भावाने मोजायचा की आजच्या? गिऱ्हाइकांकडची उधारी कोणी वसूल करायची? जागेचे डिपॉझिट कोणाचे? पैसे एकरकमी की हप्त्यांनी? आमच्या मते भांडण पेटते ते या शेवटच्या प्रश्नावर. दुकानाचा पैसा मालात अडकलेला असतो. आठ दिवसांत तो मागितला तर दुकानच बंद पडते. सहा महिन्यांची आगाऊ सूचना आणि वर्षभराचे हप्ते, एवढे पहिल्याच दिवशी लिहिले तर दोघांचीही सोय होते.

नुसते दुकानात येणे थांबवले म्हणजे सुटका होत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार, बाहेर पडल्याची जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत, तुम्हाला भागीदार समजून व्यवहार करणाऱ्यांचे नंतरचे देणेही तुमच्यावर येऊ शकते.

मृत्यूचेही कलम हवे. करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या निधनाने फर्म विसर्जित होते आणि त्याचा हिस्सा वारसांचा होतो. इद्दतीत बसलेल्या बाईने हिशेब कोणाकडे मागायचा? म्हणून कराराची एक प्रत दुकानाच्या गल्ल्यात न ठेवता घरी, बायकोच्या हाती असावी.