हत्यारे कंबरेला: घरगुती दुरुस्तीसाठी टूल पाऊच

घरातली दुरुस्ती सहसा अवघड जागीच निघते: छताजवळ, कपाटामागे, ओट्याखाली. पडद्याची दांडी बसवायची तर घोड्यावर चढणाऱ्याला मेजरिंग टेप, पेन्सिल, गिट्ट्या, स्क्रू, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी एवढे सगळे हाताशी लागते. मग हत्यारे घोड्याच्या वरच्या पायरीवर ठेवली जातात आणि जरासा धक्का लागला की खाली येतात. दोन मीटर उंचीवरून सुटलेली हातोडी जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. फरशीचा टवका उडायला किंवा खाली घोडा धरून उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा व्हायला तेवढा पुरे. कंबरेच्या पाऊचचा पहिला उपयोग हाच, की हत्यारे माणसाबरोबर चढतात, उतरतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

बाजारात लहानमोठे अनेक प्रकार मिळतात. सुतारकामाचे पाऊच दोन्ही बाजूंना असतात. त्यांत खिळ्यांसाठी मोठे खोल कप्पे आणि हातोडीसाठी वेगळी कडी असते. इलेक्ट्रिशियनचे पाऊच एका बाजूचे, अरुंद आणि अनेक उभ्या कप्प्यांचे असते. घरासाठी हे दुसरेच बरे. मोठी पिशवी घेतली की ती भरली जाते आणि भरलेली पिशवी कुणी बांधत नाही. हातोडी, आठ इंची पक्कड, तेवढाच स्क्रू-पाना, पाच मीटरची टेप आणि दोन स्क्रूड्रायव्हर एवढ्यांचेच वजन दोन किलोच्या आसपास जाते. एका कुशीवर याहून जास्त भार घेऊन शिडी चढू नये. म्हणून आधी घरातली नेहमी लागणारी हत्यारे जमिनीवर मांडावीत, मोजावीत आणि तेवढ्यांपुरतेच पाऊच निवडावे. ड्रिल मशीन त्यात कोंबू नये; त्याचे म्यान वेगळे मिळते.

कापडाची जाडी डेनियरमध्ये सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. ६०० डेनियरचे पॉलिस्टर हलक्या कामाला चालते. पक्कड आणि पाने रोज वागवायचे असतील तर १६८० डेनियरचे घ्यावे. चामडे सर्वांत टिकाऊ आणि टोकदार हत्यारांना दाद न देणारे खरे, पण कोकणातल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. महिन्यातून एकदा पाऊच वापरणाऱ्या घरात पॉलिस्टर कमी त्रासाचे. कापडापेक्षाही शिवण पाहावी. कप्प्यांच्या कोपऱ्यांवर रिव्हेट हवेत, तळ दुहेरी हवा आणि कप्प्याचे तोंड आपोआप उघडे राहायला हवे. तोंड मिटणाऱ्या कप्प्यात एका हाताने पक्कड परत जात नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत खरेदीला जाताना घरची पक्कड बरोबर न्यावी, पाऊच कंबरेला बांधावे आणि खाली न बघता पक्कड काढून-ठेवून पाहावी. दुकानातली ही परीक्षा छापील माहितीपेक्षा जास्त सांगते.

पट्टा निदान पाच सेंटिमीटर रुंद असावा. अरुंद पट्टा भाराने कंबरेत रुततो. बक्कल एका हाताने उघडणारे असावे. काही पाऊचना इन्सुलेशन टेप अडकवायला धातूची साखळी असते. उघड्या स्विचबोर्डजवळ ती लोंबती ठेवणे धोक्याचे, म्हणून बोर्डाचे काम करताना काढून ठेवावी.

मांडणीत मात्र घाई करू नये. ज्या हाताने काम होते त्या बाजूच्या कुशीवर पाऊच असावे, टेप दुसऱ्या बाजूला. मुठी वर, टोके खाली. पटाशीला टोपण घालावे, कटरचे पाते आत ओढलेले असावे. पाठीच्या मणक्यावर येईल असे कडक काहीही ठेवू नये, कारण पाय घसरून पाठीवर पडल्यास तेच हत्यार मणक्याला लागते. एकेका हत्याराची जागा ठरली की ती बदलू नये. काही दिवसांत हात आपोआप तिथे जातो. भरती मात्र कामाप्रमाणे बदलावी. नळाच्या कामाला पाना, वायसर आणि टेफ्लॉन टेप पुरते, हातोडी घरी राहिली तरी चालते. एका वेळी एकाच मापाचे स्क्रू घ्यावेत. ओट्याखाली शिरताना पाऊच मांडीत रुतते, तेव्हा ते सोडून शेजारी ठेवावे.

दिवाळीत आकाशकंदील आणि माळा लावताना पाऊच खूप उपयोगी पडते, पण त्याचा पट्टा हा सेफ्टी बेल्ट नव्हे. तो पडणाऱ्याला धरत नाही, त्याच्या भरवशावर गॅलरीबाहेर वाकू नये. शिडीवर तोंड शिडीकडे ठेवावे आणि पोट दोन उभ्या दांड्यांच्या मध्येच राहू द्यावे. घरातली वीज २३० व्होल्टची असते. बोर्ड उघडण्यापूर्वी टेस्टर चालू सॉकेटवर लावून दिवा लागतो याची खात्री करावी, मग एमसीबी पाडून उघडायच्या बोर्डावर तपासावे. बिघडलेल्या टेस्टरचाही दिवा लागत नाही, म्हणून नुसता दिवा न लागणे पुरेसे नाही. पकडीच्या मुठीवरचे आवरण चिरले असेल तर ती पक्कड विजेच्या कामातून बाद करावी.

काम संपले की पाऊच उलटे करून झटकावे. तळाशी साठणारी भिंतीची पूड ओल धरते आणि हत्यारे गंजतात. पावसाळ्याआधी हत्यारांवरून मशीन ऑइलचा बोळा फिरवावा. पॉलिस्टर साबणाच्या पाण्याने धुता येते. चामडे ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, उन्हात ते तडकते. शिवण पहिल्यांदा उसवते ती हातोडीच्या कडीपाशी आणि तळाच्या कोपऱ्यात. तिथे दोरा सुटलेला दिसताच चांभाराकडून जाड दोऱ्याचे टाके घालून घ्यावेत.