तारांच्या जाळीचा हिशेब

नारायणगावानजीक खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या एखाद्या तबकडीखाली उभे राहून वर पाहिले, तर ४५ मीटर व्यासाच्या त्या पात्रातून आकाश जवळजवळ निर्विघ्न दिसते. कारण तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून ०.५५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांच्या जाळीचा आहे, आणि त्या जाळीचे घर मध्यभागी १०, त्याबाहेर १५ व काठाकडे २० मिलिमीटर आहे. वाऱ्याचा भार व खर्च आटोक्यात राहावा म्हणून पत्करलेल्या या विरळपणापायी किती तरंग निसटून जातात, हा प्रश्न मी अंधेरीस घेऊन आलो आणि मरोळच्या माझ्या खोलीत एका साध्या संगणकावर सवडीने त्याचा हिशेब मांडला.

जाळी सपाट व अमर्याद मानली, तरंग तिच्यावर लंब पडतो असे धरले, आणि विद्युत्क्षेत्राला समांतर असलेल्या तारांपुरताच विचार केला, तर प्रत्येक तारेत तोच प्रवाह वाहतो. फ्लोके यांच्या १८८३ च्या सिद्धांताचे हे सर्वांत सोपे रूप होय. अनंत तारांच्या जागी एकच तार अज्ञात उरते. परंतु त्या एका तारेवर बाकी सर्वांचा अंमल चालतो, आणि तारेपासूनचे क्षेत्र अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणातच घटत असल्यामुळे शंभरपट दूरच्या तारेचाही दशांश हिस्सा जमेस धरावा लागतो. सरळ बेरीज करू गेल्यास ती संपता संपत नाही. स्फटिकांसाठी एवाल्ड यांनी १९२१ मध्ये जी युक्ती योजिली, म्हणजे निकटचा भाग प्रत्यक्ष अवकाशात आणि दूरचा भाग अवकाशीय वारंवारतेत मोजण्याची, ती येथेही उपयोगी पडते. मी प्रथम दुसरी वाट धरली: तरंगांच्या विविध कोटींची श्रेढी घेतली, तिच्यातून लघुगणकात बेरीज होणारा भाग वेगळा काढला, तेव्हा उर्वरित पदे घनाच्या व्यस्त प्रमाणात इतक्या वेगाने लहान होत गेली की, २१ सेंटिमीटरच्या हायड्रोजन तरंगासाठी २० मिलिमीटरच्या घरातही त्यांनी अंतिम उत्तरात हजारी दोन भागांच्या आसपासच फरक पाडला.

हिशेबाअंती निष्पन्न झाले ते असे, की या तरंगाची शक्ती मध्यभागच्या जाळीतून शेकडा सुमारे पावणेतीन, तर काठच्या जाळीतून शेकडा सुमारे पावणेअठरा पार जाते. तरंग दोन मीटरचा घेतला, तर काठाची गळती शेकडा पाव एवढीच भरते. काठाची गळती मोठी खरी, परंतु नाभीवरील ग्राहकाची नजर काठाकडे मुद्दामच मंद ठेवण्याची रीत असल्याने तिची झळ कमी लागते. जाळीची ही वाटणी मला अत्यंत समंजस वाटते.

मात्र या कामात नवख्यास ज्या पडताळ्याचा सर्वाधिक भरवसा वाटतो, तोच अपुरा आहे. परावर्तित आणि पारगामी शक्तींची बेरीज आपाती शक्तीएवढी भरली, म्हणजे ताळेबंद जुळला, असे समजून दप्तर बांधण्याचा मोह होतो. पण तारेत ऊर्जेचा व्यय नाही असे धरल्यावर सर्व मदार एका संख्येवर, तारांच्या प्रतिरोधितेवर, येऊन ठेपते. आणि ती संख्या दुप्पट केली, निम्मी केली, तरी बेरीज एकच राहते! एका मोठ्या वर्गातील संख्यात्मक पद्धतींत, कितीही थोडी पदे घेतली तरी, हा ताळेबंद आपोआप जुळतो, हे अमिताय व गॅलिंडो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. म्हणून पदे वाढवीत जावे, अंक कोठे स्थिरावतात ते पाहावे, आणि मग एवाल्ड यांच्या वाटेने तेच उत्तर स्वतंत्रपणे काढावे. याहून आखूड मार्ग मला ठाऊक नाही.

हा कटाक्ष कशासाठी, हे परावर्तित तरंगाची कला पाहिली की कळते. त्याच २१ सेंटिमीटरच्या तरंगाला मधली जाळी आपल्या जागेच्या सुमारे पावणेतीन मिलिमीटर मागे असल्यासारखी भासते, तर काठची जाळी सव्वासात मिलिमीटर मागे. आणि पात्राचा आकार ठरविताना लक्षात घ्यावा लागणारा हा साडेचार मिलिमीटरांचा फरक शक्तींच्या त्या निर्दोष बेरजेत कोठेही उमटत नाही.