मक्याच्या पाकातलं रक्त

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला, की अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत मेपलची पानं गळायला लागतात, दिवस लवकर मावळतो आणि घरोघरी ओव्हन तापतात. 31 तारखेला हॅलोवीन. तोवर रोज संध्याकाळी काहीतरी भाजायचं आणि रात्री सगळ्यांनी मिळून एखादा भयपट पाहायचा, असा कित्येक कुटुंबांचा शिरस्ता आहे. वरवर पाहता भाजण्याचा आणि भिण्याचा काय संबंध? पण या सिनेमांच्या पडद्यामागे डोकावलं, तर तिथे चक्क त्याच घरांतली फडताळं उघडलेली दिसतात.

आधी भोपळा. दारात ठेवलेला, डोळे-दात कोरलेला नारिंगी भोपळा ‘पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ करायला सहसा घेत नाहीत. त्याचा गर पाणचट आणि धागेदार असतो. पंपकिन पायसाठी बहुतेक घरांत डब्यातला गर येतो. त्यातला मोठा वाटा इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन या छोट्या गावातल्या लिबीज कंपनीच्या कारखान्यातून येतो. तिथला भोपळा ‘डिकिन्सन’ जातीचा, फिकट तपकिरी सालीचा. 2009 साली पावसाने तिथलं पीक शेतातच अडकलं आणि ऐन सणात देशभर डब्यांची टंचाई झाली.

जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’ या भयपटाला (1978) टंचाई वेगळीच भोगावी लागली. कथा इलिनॉयमधल्या एका काल्पनिक गावात, ऐन पानगळीत घडते. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत झालं. भोपळे मिळता मिळेनात. गळलेली पानं रंगवून तयार केली. दृश्य संपलं, की ती गोळा करायची आणि पुढच्या दृश्यात पुन्हा पसरायची.

खरी मौज आहे ती कॉर्न सिरपची. मक्याच्या पिठूळ भागापासून, म्हणजे स्टार्चपासून काढलेला हा पारदर्शक, दाट पाक. 1902 पासून बाजारात असलेला ‘केरो’ हा त्याचा सर्वांत ओळखीचा ब्रँड. शरद ऋतूतली पिकॅन पाय याच पाकावर उभी असते: अंडी, साखर, लोणी, हा पाक आणि अक्रोडाच्या कुळातले पिकॅन. नुसत्या साखरेचा पाक थंड झाला, की कण धरतो, हे गुलाबजाम करणारी प्रत्येक गृहिणी जाणते. म्हणून तर आपण त्यात लिंबू पिळतो. आंबटपणामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि स्फटिक सहज जमत नाहीत. कॉर्न सिरपमध्ये ग्लुकोज मुळातच असतं, त्यामुळे पायचं सारण मऊ, चकचकीत राहतं.

दाटपणा, चमक आणि संथ ओघळणं: रंगभूषाकाराला खोट्या रक्तात नेमकं हेच हवं असतं. डिक स्मिथ या थोर रंगभूषाकाराने कॉर्न सिरपमध्ये खायचे रंग मिसळून रक्ताची जी कृती बसवली, ती पुढे हॉलिवूडभर पसरली. मात्र तिच्यात फोटो धुण्याचं एक रसायनही होतं. त्यामुळे ते रक्त तोंडात घेण्याजोगं नव्हतं. सॅम रेमी आणि त्याच्या तरुण मित्रांनी टेनेसीतल्या एका केबिनमध्ये ‘द एव्हिल डेड’ (1981) चित्रित केला, तेव्हा केरो, खायचा रंग आणि कॉफीत घालायची पावडर यांवर काम भागवलं. नायक ब्रूस कॅम्पबेल सांगतो, की पाकाने माखलेला शर्ट शेकोटीपाशी वाळवला तर तो इतका कडक झाला, की घालताना तुटला!

कृष्णधवल सिनेमाला तर लाल रंगाचीही गरज नव्हती. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (1960) न्हाणीघरातून वाहत जाणारं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. सुरा अंगात घुसल्याचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळवला, आणि कोणतं खरबूज हे हिचकॉकने निरनिराळ्या फळांचे आवाज ऐकून ठरवलं. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधली (1968) प्रेतं जे मांस चघळतात ते चॉकलेट सिरप ओतलेलं भाजकं हॅम होतं. ‘द एक्सॉर्सिस्ट’मधली (1973) ती कुप्रसिद्ध हिरवी ओकारी म्हणजे वाटाण्याचं सूप. या कारागिरीचं कौतुक करावं तेवढं थोडं. हाताशी आहे त्यातून भय उभं करण्याची ही हातोटी संगणकाच्या चित्रांना क्वचितच साधते.

मराठी मातीतही याचं एक अस्सल उदाहरण आहे. राही अनिल बर्वे यांचा हिंदी चित्रपट ‘तुंबाड’ 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या मुळाशी नारायण धारप यांच्या भयकथेची प्रेरणा आहे. यातला हस्तर हा देव सोन्याचा धनी, पण अन्नाला कायमचा मुकलेला. त्याच्या भुकेला भुलवायला नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन देवीच्या गर्भात उतरतो आणि तो ती खात असताना सोन्याची मोहर पळवतो. इथे पीठ पडद्यामागे लपलेलं नाही, तेच कथेचं इंधन आहे. एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या न्यायची कल्पना विनायकचा मुलगा मांडतो, आणि तिथूनच चित्रपट आपल्या सर्वांत भयंकर प्रसंगाकडे वळतो.