हिवाळ्यातील खोकला : साधा कोणता व धोक्याचा कोणता

वेळा अमावस्या सरली, शिवारात हुरड्याच्या आगट्या पेटू लागल्या, म्हणजे आमच्या बेंबळीच्या बाजूस थंडीचा जोर चांगलाच जाणवतो. ज्वारीची राखण व हरभऱ्याचे पाणी यांकरिता शेतकऱ्यास रात्री-अपरात्री रानात जावे लागते. याच दिवसांत घरोघर पडसे-खोकला सुरू होतो. त्यातील बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात. परंतु कित्येकदा त्याच वेषात न्यूमोनिया घरात शिरतो. महसूल खात्यात असता, वारसाची फेरफार नोंद करण्यास आलेल्या माणसांच्या तोंडून "साधा खोकलाच तर होता" हे शब्द आम्ही एकाहून अधिक वेळा ऐकले आहेत. सबब हा फरक प्रत्येक घरधन्यास ठाऊक असणे अवश्य आहे.

नाक वाहणे, शिंका, घशात खवखव व थोडी कणकण ही साध्या पडशाची लक्षणे होत. पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविक गोळ्या चालत नाहीत. विश्रांती, कोमट पाणी व गरम पातळ अन्न एवढे बहुधा पुरते. एक वर्षाखालील मुलास मध मात्र चाटवू नये.

लहान मुलास खोकला असेल तर त्याचे श्वास मोजावेत. मूल शांत असता अंगातील कपडा वर करून, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, व पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरल्यास न्यूमोनियाचा संशय धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध न पिणे किंवा ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. न्यूमोनियास आळा घालणारी न्यूमोकोकल लस २०२१ सालापासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती चुकवू नये.

वृद्धांचे दुखणे अधिक फसवे असते. त्यांस ताप नसताही न्यूमोनिया असू शकतो. एकाएकी ग्लानी, असंबद्ध बोलणे किंवा धाप यांवरून तो ओळखावा. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयाकरिता बेडका तपासून घ्यावा; सरकारी दवाखान्यात ही तपासणी व औषधे विनामूल्य आहेत.

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझास आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांपैकी पुष्कळांचा बळी तापामागून आलेल्या न्यूमोनियाने घेतला. त्या वेळी प्रतिजैविके नव्हती; आज ती आहेत, परंतु वेळेवर गेल्यासच त्यांचा उपयोग.

प्रतिबंधाचे उपायही सोपे आहेत. रात्री पाणी देऊन येताच ओले कपडे बदलावेत. तुराट्यांचा धूर घरात कोंडू देऊ नये. दारे लावून शेगडी पेटती ठेवून निजणे तर प्राणघातक होय. तिच्या विषारी वायूस वास नसतो.

ज्वारीवर चिकटा दिसताच आपण पान उलटून पाहतो व त्याच दिवशी उपायास लागतो. घरच्या मुलाच्या छातीकडेही तितक्याच बारकाईने व तितक्याच त्वरेने पाहावे, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.