रूळ खरा कधी वाटतो?

विज्ञान प्रदर्शनात आगगाडीचे एखादे तरी मॉडेल नाही, असे सहसा होत नाही. गाडी धावते, सिग्नल लागतो, फाटक पडते. तरीही पाहणाऱ्याला ते खेळणेच वाटते. डब्यांना कितीही चांगला रंग दिला तरी वाटते. याचे कारण बहुतेक वेळा गाडीत नसून तिच्या खाली, रुळात असते. रूळ नीट करायचा तर सहावी-सातवीचे गुणोत्तर-प्रमाण पुरते. म्हणूनच हा उद्योग शाळेत करून पाहण्यासारखा आहे.

उदाहरण म्हणून भिवंडीजवळच्या कामतघरची एखादी शाळा घेऊ. तिथल्या मुलांना पाहायला जवळचा लोहमार्ग म्हणजे दिवा–वसई मार्ग आणि जवळचे स्टेशन भिवंडी रोड. या मार्गावर मालगाड्यांची वर्दळ मोठी आहे. स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन मुलांना फलाटावर न्यावे. रुळांवर मात्र कोणीही उतरायचे नाही. तो कायद्याने गुन्हा आहे आणि मोजमापासाठी त्याची गरजही नाही. फलाटाच्या कडेपासून दूर उभे राहून पावलांनी तीस मीटर अंतर मोजावे आणि तेवढ्यात समोरच्या रुळाखाली किती स्लीपर येतात ते मोजावे. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर घालतात, म्हणजे दोन स्लीपरच्या मध्यांमधले अंतर सुमारे ६० सेंटिमीटर. मुलांची मोजणी पन्नासच्या आसपास यायला हवी. बाजूच्या मार्गावर ती थोडी कमी आली तर मोजणी चुकली असे लगेच समजू नये. तेथे स्लीपर विरळ असू शकतात.

आता पहिला निर्णय. मॉडेल कोणत्या प्रमाणाचे करायचे?

आपल्या ब्रॉडगेज मार्गावर दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असते. हे साडेपाच फूट होतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तीही याच रुंदीच्या रुळांवरून. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे अंतर १४३५ मिलिमीटर आहे. मॉडेलचे तयार रूळ बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या तिकडच्या. त्यांचे सर्वांत प्रचलित प्रमाण 'एचओ', म्हणजे १:८७. त्यामुळे १४३५ ला ८७ ने भागून येणारा १६.५ मिलिमीटरचा रूळ बाजारात सहज मिळतो.

पण आपला रूळ १:८७ ने लहान केला तर १६७६ ÷ ८७ = १९.२६ मिलिमीटर हवा. विकतच्या रुळावर याच प्रमाणाचा भारतीय डबा ठेवला की खालचा रूळ जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद पडतो. समोरून पाहिले की डबा काठीवर ठेवलेल्या खोक्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला आकडा सांगता येत नाही, पण डोळ्याला काहीतरी खटकते.

येथे गणित उलटे करून पाहावे. रूळ १६.५ मिलिमीटरचाच मिळणार असेल, तर तो कोणत्या प्रमाणात ब्रॉडगेज ठरेल? १६७६ ÷ १६.५ = १०१.६. म्हणजे जवळजवळ १:१००! शाळेसाठी याहून सोयीचे प्रमाण नाही. एक मीटरचा एक सेंटिमीटर करायचा, बस. रुंदीत चूक राहते ती फक्त पाव मिलिमीटरची. तोटा असा, की तयार एचओ डबे यावर शोभणार नाहीत. आपले डबे आपणच करायचे. जुन्या निळ्या प्रवासी डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर असते, म्हणजे पुठ्ठ्याचा २१.३ सेंटिमीटरचा डबा. भिवंडीच्या गोदामांत आणि यंत्रमाग कारखान्यांत पुठ्ठ्याला तोटा नाही. चाके तेवढी विकत घ्यावीत.

रुंदीची ही गफलत परदेशातही झालेली आहे. ब्रिटनमध्ये १:७६ च्या गाड्या याच १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालवण्याची पद्धत पडली. तिकडची इंजिने आकाराने लहान. १:८७ ने ती आणखी लहान केली तर त्या काळच्या मोटारी आत मावत नव्हत्या. म्हणून गाडी मोठी केली आणि रूळ तोच ठेवला. परिणामी त्यांचा रूळ प्रमाणापेक्षा अरुंद झाला आणि तो अजून तसाच चालतो. ज्यांना हे सहन झाले नाही त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः बनवायला घेतले! पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यावर, १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते १:८७ प्रमाणाचे आहे. तेथे सहल नेलीत तर मुलांना गाड्यांबरोबर रुळांकडेही पाहायला सांगा.

प्रमाण ठरले की बाकीची मापे आपोआप येतात. आजचा सिमेंट-काँक्रीटचा स्लीपर २.७५ मीटर लांब आणि तळाशी २५ सेंटिमीटर रुंद असतो. मॉडेलमध्ये तो २७.५ मिलिमीटर लांब आणि वरच्या बाजूला दोन मिलिमीटरपेक्षा थोडा अरुंद करावा, कारण तो वर निमुळता होतो. तो राखाडी हवा. विकतच्या रुळांवर बहुधा लाकडी दिसावेत असे तपकिरी स्लीपर असतात. आपल्या मुख्य मार्गावर आता तसे दिसत नाहीत. दर सहा मिलिमीटरला एक या हिशेबाने एक मीटर रुळाला १६६ स्लीपर लागतील. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला चार आले. स्लीपरची जाडी मात्र पूर्ण करण्याची गरज नाही. खडी त्याच्या माथ्यापर्यंत भरलेली असते आणि दिसतो फक्त माथा. एक मिलिमीटरचा पुठ्ठा पुरतो.

रुळाची उंची निवडताना थोडे थांबावे. ६० किलो वजनाचा रूळ (म्हणजे एका मीटरचे वजन ६० किलो) १७२ मिलिमीटर उंच असतो, ५२ किलोचा १५६. आपल्याला सुमारे पावणेदोन मिलिमीटर हवेत. विकतचा रूळ 'कोड १००' असेल तर त्याची उंची इंचाचे शंभर सहस्रांश, म्हणजे २.५४ मिलिमीटर. आपल्या प्रमाणात हा २५ सेंटिमीटर उंचीचा रूळ झाला! 'कोड ७०' चा १.७८ मिलिमीटर उंच असतो, तो बरोबर बसतो. तो मिळालाच नाही तर आहे तो घेऊन त्याच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवाव्यात आणि फक्त माथा चकचकीत ठेवावा. खऱ्या रुळाचाही माथाच चाकांनी घासून चकाकतो. गडद बाजूंमुळे उंची डोळ्याला कमी भासते.

सर्वांत जास्त मॉडेले बिघडतात ती खडीपाशी. मत्स्यपेटीतली तीन-चार मिलिमीटरची खडी रुळाभोवती टाकली, तर आपल्या प्रमाणात ती तीस-चाळीस सेंटिमीटरचे धोंडे झाली. रेल्वेची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते. मॉडेलमध्ये ०.२ ते ०.६५ मिलिमीटर, म्हणजे चाळलेली जाड रेती. दोन वेगवेगळ्या चाळण्या घ्याव्यात. मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून खाली पडलेले आणि लहान छिद्रांच्या चाळणीवर राहिलेले तेवढे वापरावे.

रंगासाठी दगडाच्या क्रशरवरची काळी भुकटी उत्तम, कारण आपल्याकडची खडीही त्याच काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची असते. पण आधी तिच्यावरून चुंबक फिरवून पाहा. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात आणि ते चुंबकाला चिकटतात. इंजिनाच्या मोटारीतही चुंबक असतो, तोही हे कण ओढून घेतो आणि मोटार खराब होते. गाडी धावणार असेल तर धुतलेली रेती राखाडी रंगवून घ्यावी. नुसते मांडायचे मॉडेल असेल तर बेसॉल्टची भुकटीच वापरावी.

खडी कोरडीच पसरून, मऊ ब्रशने स्लीपरच्या मधे सारून घ्यावी. मग एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे. साबण नसेल तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि कण विस्कटतात. पृष्ठताणाचा धडा येथे शिकवून टाकावा.

आता वळण. येथे प्रामाणिक राहणे कठीण आहे. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. मॉडेलमध्ये ती पावणेदोन मीटर झाली. मुख्य मार्गावरचे दोन अंशांचे वळण घेतले तर त्रिज्या ८७५ मीटर, म्हणजे पावणेनऊ मीटर. वर्गखोलीतही मावणार नाही! खेळण्यांच्या संचातले वळण ३७ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. माझ्या मते शाळेने गोल फिरणाऱ्या गाडीचा मोह सोडावा. दोन मीटरच्या टेबलावर २०० मीटरचा मार्ग येतो. ५९ वाघिणींची मालगाडी सुमारे साडेसहाशे मीटर लांब, म्हणजे तिचा तिसरा हिस्साही टेबलावर मावत नाही. तेव्हा स्टेशनचे एक टोकच करावे, त्यात अगदी मंद वळण द्यावे आणि ते सरळ रुळाला एकदम जोडू नये. लांब स्टीलची पट्टी दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवली की तिचा बाक हळूहळू वाढत जातो. तीच रेषा पेन्सिलीने फळीवर उतरवून घ्यावी.

वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो. किती, ते काढता येते. ८७५ मीटर त्रिज्या आणि ताशी ६० किलोमीटर वेग धरला तर १७५० × ६० × ६० ÷ (१२७ × ८७५), म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. (१७५० हे दोन रुळांच्या माथ्यांच्या मध्यांमधले अंतर.) मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. स्लीपरच्या बाहेरच्या टोकाखाली जाड कार्डाच्या पट्ट्या घातल्या की काम झाले. एवढाच कल दिला तरी वळणावरची गाडी अंगाने झुकलेली दिसते.

फळी प्लायवुडची असेल तर रूळ बसवण्याआधी तिला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना रंग द्यावा. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कच्चे लाकूड ओल घेऊन फुगते आणि नंतर आकसते. एकाच बाजूला रंग असला तर फळी वाकते. रुळांच्या सांध्यांत अर्धा मिलिमीटर फट ठेवावी. जूनमध्ये नीट चालणारी गाडी ऑगस्टमध्ये घसरू लागली, तर आधी फळीवर लांब पट्टी उभी ठेवून खाली उजेड दिसतो का ते पाहावे.